धावणाऱ्यांमधील जंघाशूल : निदान, चिकित्सा आणि प्रतिबंध

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचच्या सुमारास बाहेर पडावे, तर रस्त्याच्या कडेने धावणारी तरुण मुले-मुली दृष्टीस पडतात. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की ही संख्या एकदम वाढते. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते आणि ५० पैकी २० गुण या एकाच धावेसाठी असतात. सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव आहेच. साहजिकच अभ्यासिकेत वर्ष-दोन वर्षे बसून राहिलेला उमेदवार एका रात्रीत धावपटू होऊ पाहतो आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात आपल्या चिकित्सालयात येऊन सांगतो, "डॉक्टर, नडगी ठणकते. काहीतरी करा, पण धावणे बंद करायला सांगू नका."

या वाक्याचा उत्तरार्ध हीच या व्याधीच्या चिकित्सेतील खरी अडचण आहे. प्रस्तुत लेखात या जंघाशूलाचा शास्त्रीय व व्यावहारिक विचार मांडण्याचा प्रयत्न केला आहे. संहितेतील 'जंघा' म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग होय, मराठी बोलण्यातील 'जांघ' नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी वीस-एकवीस वर्षांची एक उमेदवार उजव्या नडगीच्या वेदनेसाठी आमच्याकडे आली. पाच आठवड्यांपासून ती रोज डांबरी रस्त्यावर धावत होती. वातप्रकोप स्पष्ट दिसत होता. स्नेहन, पत्रपोट्टली स्वेद, पोटात गुग्गुळ कल्प अशी चिकित्सा दिली. चार-पाच दिवसांत वेदना निम्म्याहून कमी झाली. ती आनंदली, वैद्यालाही समाधान वाटले आणि 'हळूहळू धावायला हरकत नाही' अशी अनुमती देण्यात आली. दहा दिवसांनी ती भावाच्या खांद्याचा आधार घेऊन आली. पाय टेकवत नव्हता. एमआरआय केल्यावर जंघास्थीस तडा गेल्याचे निष्पन्न झाले. त्या वर्षीची भरती तिच्या हातून गेली.

मागे वळून पाहता दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. दुखरी जागा बोटाने नीट शोधली नव्हती आणि तिच्या मासिक पाळीविषयी विचारले नव्हते. तीन महिने तिला पाळी आलेली नव्हती, हे नंतर कळले. वेदना शमली म्हणजे संप्राप्ती मोडली असे नव्हे, हा धडा त्या मुलीच्या एका वर्षाच्या मोलाने मिळाला. तो इतर वैद्यबंधू-भगिनींना विनामूल्य मिळावा, हा या लेखाचा हेतू आहे.

हेतुविचार

चरकाचार्यांनी अतिव्यायामाचे दुष्परिणाम सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी बलार्धापर्यंतच व्यायाम करावा असे सांगून, हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे हे बलार्धाचे लक्षण दिले आहे. वाग्भटाचार्यांचे विवेचन तर आजच्या उमेदवाराला उद्देशून लिहिल्यासारखे वाटते. अर्धशक्तीने व्यायाम करावा, तो बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने करावा, शीतकाळी व वसंतात करावा आणि अन्य ऋतूंत त्याहून अल्प करावा, असे ते सांगतात. आपला उमेदवार नेमके याच्या उलट करतो. बल अल्प, आहार रूक्ष, ऋतू ग्रीष्म आणि शक्ती मात्र पूर्ण पणाला लावलेली!

व्यवहारात पुढील हेतू रुग्णाला आवर्जून विचारावेत :

१. धावण्याची मात्रा किती दिवसांत व किती वाढवली? एकाएकी झालेली वाढ हा सर्वांत प्रमुख हेतू होय.

२. भूमी कोणती? कठीण डांबरी वा काँक्रीटचा रस्ता, तसेच कडेला उतरता असलेला रस्ता जंघेवर विषम भार टाकतो. लहान मैदानावर नेहमी एकाच दिशेने फेऱ्या मारणे हाही विषम भारच आहे.

३. पादत्राणे कोणती? टाचेशी एका बाजूने झिजलेले, तळ कडक झालेले जुने बूट किंवा अनवाणी धावण्याचा अचानक केलेला प्रयोग.

४. पाऊल कसे पडते? उभे राहिल्यावर तळपायाची कमान फार खाली जात असल्यास या व्याधीचा संभव वाढतो.

५. आहार, निद्रा व आर्तव. वजन कमी करण्यासाठी केलेले लंघन, रात्रीचे जागरण व अनियमित पाळी यांची चौकशी टाळू नये.

संप्राप्ती

महारोगाध्यायात चरकाचार्यांनी सांगितलेल्या ऐंशी वातविकारांत पादशूल, गुल्फग्रह, पिंडिकोद्वेष्टन असे अधःशाखेतील विकार आले आहेत. पाऊल विषम पडल्याने किंवा श्रमाने वायू गुल्फाश्रित होऊन होणारा वातकंटकही आपल्या परिचयाचा आहे. प्रस्तुत जंघाशूलाचे हेतू त्याच जातीचे आहेत, केवळ अधिष्ठान वर सरकले आहे, असे म्हणता येईल.

अस्थी हे वायूचे आश्रयस्थान. इतर दोषांत आश्रय व आश्रयी यांची वृद्धी-क्षय एकाच दिशेने होते, परंतु वायू व अस्थी यांचे नाते विपरीत आहे. वायू वाढला की अस्थी क्षीण होते, हा वाग्भटाचार्यांनी नोंदवलेला अपवाद येथे कळीचा ठरतो.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञान हेच वेगळ्या भाषेत सांगते. हाड ही निर्जीव काठी नव्हे. नवा भार पडू लागला की जुन्या हाडाचा अंश प्रथम शोषला जातो व नंतर त्या जागी नवे हाड बनते. शोषणाला काही आठवडे पुरतात, तर नवनिर्मिती पक्की होण्यास काही महिने लागतात. म्हणजे सराव सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी हाड पूर्वीपेक्षा तात्पुरते दुर्बल असते, आणि नेमक्या याच काळात उत्साहाने मात्रा वाढवली जाते. श्वास लागणे कमी झालेले असते, मांसधातू सरावलेला असतो, म्हणून उमेदवारास वाटते की आपण तयार झालो. अस्थिधातू मात्र मागे राहिलेला असतो. रस, रक्त, मांस, मेद यांच्या पोषणानंतर अस्थीची पाळी येते, हे आपण धातुपोषणक्रमात शिकलो आहोतच.

या प्रक्रियेच्या सौम्य टोकाला जंघास्थीच्या आतील कडेचा व तिच्यावरील आवरणाचा क्षोभ असतो. त्यास व्यवहारात 'शिन स्प्लिंट्स' म्हणतात. दुसऱ्या टोकाला अस्थीस प्रत्यक्ष तडा जातो. त्यास 'स्ट्रेस फ्रॅक्चर' ही संज्ञा आहे. सैनिकांत कवायतीने पाऊल सुजते हे प्रशियाचे सैन्यवैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये नोंदवले होते. नव्या भरतीचा आणि या व्याधीचा संबंध इतका जुना आहे.

रुग्णपरीक्षा व सापेक्ष निदान

रुग्णास पाय सैल सोडून बसवावे. घोट्याच्या आतील उंचवट्यापासून जंघास्थीच्या आतील कडेने अंगठा हळूहळू वर न्यावा व दुखरा भाग किती लांबीचा आहे हे पाहावे. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. तिने पुढील चिकित्सेची दिशा ठरते.

अ) अस्थिकडेचा क्षोभ : जंघेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागात, आतील कडेने, पाच सेंटिमीटर किंवा अधिक म्हणजे सुमारे तीन अंगुळे पसरलेली दुखरी पट्टी मिळते. धावण्याच्या आरंभी दुखते, शरीर तापल्यावर कमी होते, पुढे थांबल्यावर पुन्हा जाणवते. विश्रांतीत बहुधा दुखत नाही.

आ) अस्थीस तडा : एका बोटाच्या टोकाखाली मावेल अशी नेमकी जागा तीव्र दुखते. वेदना धावताना वाढतच जाते, पुढे चालतानाही व रात्रीही राहते. त्या जागी किंचित शोथ असू शकतो. सुश्रुताचार्यांनी भग्नलक्षणांत सांगितलेली शोथ व स्पर्शासहत्व ही लक्षणे येथे अल्प प्रमाणात दिसतात, म्हणूनच ती निसटतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा निर्दोष येतो. 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर धावण्याची अनुमती देऊ नये. संशय असल्यास एमआरआय करून घ्यावा. दुखरी जागा जंघास्थीच्या पुढच्या कडेवर मध्यभागी असेल, तर तेथील तडा सहज सांधत नाही. अशा रुग्णास अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे.

इ) मांसकोष्ठातील दाबवृद्धी : प्रत्येक वेळी ठराविक अंतर धावल्यावर पोटरी किंवा नडगीची बाहेरील बाजू घट्ट, फुटल्यासारखी होते, पाऊल बधिर पडते आणि थांबल्यावर थोड्या वेळात सर्व निवळते. अस्थीवर दुखरी जागा मिळत नाही. अशा वेळी शल्यतज्ज्ञांचे मत घ्यावे. आघातानंतर किंवा अतिश्रमानंतर पोटरी दगडासारखी कठीण होऊन असह्य वेदना होत असेल व ती थांबत नसेल, तर ती आत्ययिक अवस्था होय. तेथे तेल-लेपात क्षणही घालवू नये.

ई) एकाच पोटरीस सूज, उष्णता व जडपणा असल्यास शिरेतील रक्ताची गुठळी, ज्वरासह अस्थिशूल असल्यास अस्थिपाक, आणि धावण्याशी संबंध नसलेली, रात्री वाढणारी वेदना व गुडघ्याजवळ गाठ असल्यास अर्बुद यांचा विचार करावा. या तिन्हींत मर्दन वर्ज्य आहे.

चिकित्सा

१. निदानपरिवर्जन : हीच प्रधान चिकित्सा. अस्थीस तडा गेल्याचा संशय असेल तर धावणे पूर्ण बंद. येथे रुग्णाशी तडजोड नाही. भग्नरुग्णाने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत सुश्रुताचार्यांनी लवण, कटू, क्षार, अम्ल, आतप व रूक्ष अन्न यांच्या जोडीने व्यायामही सांगितला आहे. चालतानाही दुखत असल्यास कुबडीचा आधार द्यावा. केवळ अस्थिकडेचा क्षोभ असेल तर धावणे थांबवून किंवा बरेच कमी करून, वेदना न होणारा व्यायाम, उदा. पोहणे, सायकल चालवणे, चालू ठेवता येतो. त्यामुळे दमसास टिकतो आणि 'सराव बुडाला' ही उमेदवाराची चिंताही हलकी होते.

२. स्थानिक उपक्रम : आरंभी स्पर्श उष्ण व शोथ असल्यास स्वेदन करू नये. दशांग लेपासारखा लेप अथवा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. ही अवस्था ओसरल्यावर महानारायण किंवा क्षीरबला तेलाने पोटरीच्या मांसल भागास सौम्य अभ्यंग व दशमूळ काढ्याचा नाडीस्वेद द्यावा. दुखऱ्या अस्थिकडेवर जोराने चोळू नये. जंघामध्यात इंद्रबस्ति मर्म आहे, याचेही भान ठेवावे. तडा असलेल्या जागी मर्दन सर्वथा वर्ज्य.

३. आभ्यंतर औषधी : लाक्षा, अस्थिशृंखला, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ यांनी युक्त लाक्षा गुग्गुळ हा या अवस्थेतील उपयुक्त कल्प आहे. अग्निबल पाहून ५०० मि.ग्रॅ. दोन वेळा, भोजनोत्तर द्यावा. अश्वगंधा क्षीरपाकाची जोड द्यावी. दीर्घकाल रेंगाळलेल्या, कृश व रूक्ष रुग्णात तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांचे बस्ती योजावेत. अस्थिक्षयात वाग्भटाचार्यांनी तेच सांगितले आहेत. औषधी विश्रांतीस साहाय्य करते, तिची जागा घेत नाही, हे रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगावे.

४. वेदनाशमनाची मर्यादा : अग्निकर्म, विद्धकर्म यांनी वेदना चटकन कमी होते, हे आपण सर्वजण जाणतो. वेदनाशामक गोळी वा इंजेक्शन घेऊन मैदानावर उतरणारे उमेदवारही पुष्कळ आहेत. दोहोंतील धोका एकच आहे. वेदना हा अस्थीचा पहारेकरी आहे. त्यास झोपवून धावणे म्हणजे तड्यास वाट मोकळी करून देणे. म्हणून सापेक्ष निदान होण्यापूर्वी आणि धावण्यावर नियंत्रण आणण्यापूर्वी हे उपक्रम करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्त्री-उमेदवारांविषयी विशेष

हा जंघाशूल व तडा स्त्रियांत अधिक आढळतो. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडला की आर्तव अनियमित होते, अस्थी दुर्बल होतात व बल घटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेस खेळाडूंतील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे स्वतंत्र स्थान दिले आणि ती पुरुषांतही होते हे मान्य केले. आर्तव हा रसाचा उपधातू. रसक्षयाने उपधातू आटला, तर पुढच्या धातूंचे काय होत असेल हे वेगळे सांगावयास नको. आर्तव थांबले असल्यास 'सरावाने असे होतेच' ही समजूत दूर करावी, गर्भावस्था व इतर कारणांचा शोध घ्यावा, हिमोग्लोबिन व ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी. हा प्रश्न मुली आपणहून काढत नाहीत, सोबत वडील किंवा भाऊ असल्यास तर नाहीच नाही. तो एकांतात व सहजपणे विचारणे हे वैद्याचे काम आहे.

पथ्याहार

महाग पूरक चूर्णांवर पैसे घालवण्याची गरज नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी वा आंबील, दूध, तीळ, खारीक, कडधान्यांचे कढण, तूप आणि मांसाहारी रुग्णास मांसरस किंवा अंडी असा आहार ग्रामीण घरातही जमतो. भग्नासाठी शाली, मांसरस, क्षीर, घृत, यूष हेच पथ्य सुश्रुताचार्यांनी दिले आहे. पहाटे केवळ चहा घेऊन धावणे, दिवसभर वडापाव व फरसाण आणि रात्री अल्प जेवण हा क्रम बदलावा. रात्री सात-आठ तास झोप आवश्यक.

पुन्हा धावण्याचा पादांशिक क्रम

अहिताचा त्याग व हिताचा अभ्यास एकदम न करता चतुर्थांशाने करावा, असा पादांशिक क्रम चरकाचार्यांनी सांगितला आहे. तो धावण्याच्या मात्रेस लावावा, असे मला अनुभवाने वाटते. मात्र पुढील तीन अटी पूर्ण झाल्याशिवाय आरंभ करू नये : सलग अर्धा तास वेगाने चालताना वेदना नसणे, अस्थिकडेवर दाबताना वेदना नसणे, आणि दुखऱ्या पायावर दहा वेळा उडी मारता येणे. तड्याचा संशय असल्यास उडीची परीक्षा करू नये. तडा गेलेल्या रुग्णाने अस्थिरोगतज्ज्ञांची अनुमती घेतल्यानंतरच ही पायरी चढावी.

पहिला पाद : पूर्वीच्या अंतराच्या चतुर्थांश. एक मिनिट संथ धावणे व चार मिनिटे चालणे, असे आलटून पालटून. एक दिवस आड.

दुसरा पाद : अर्धे अंतर. धावण्याचा वेळ वाढवावा, वेग नाही.

तिसरा पाद : तीन-चतुर्थांश अंतर, सलग संथ धाव.

चौथा पाद : पूर्ण अंतर. ते आठवडाभर वेदनारहित झाल्यावरच वेगाचा सराव.

प्रत्येक पादास किमान एक आठवडा, शक्य तर दोन द्यावेत. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना नडगी दुखली, तर मागच्या पादावर यावे. भग्न तरुण वयात एक महिन्यात, मध्यम वयात दोन व उत्तर वयात तीन महिन्यांत स्थिर होते, असे सुश्रुतवचन आहे. परंतु स्थिर होणे निराळे आणि धावण्याचा भार पेलणे निराळे. जंघास्थीच्या तड्यानंतर पूर्ण वेगाने धावण्यास त्याहून अधिक काळ लागतो, हे रुग्णास पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

प्रतिबंध

जाहिरातीची वाट न पाहता सराव किमान चार-पाच महिने आधी सुरू करावा. आठवड्यातून दोन दिवस धावणे पूर्ण बंद ठेवावे. शक्यतो मुरमाच्या वा मातीच्या सपाट मैदानावर धावावे व फेऱ्यांची दिशा बदलावी. पावले लांब टाकण्यापेक्षा थोडी जवळ व जलद टाकावीत, म्हणजे प्रत्येक पावलाचा आघात कमी होतो. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, गुडघे किंचित वाकवून तेच करणे, टाचेवर उभे राहून चवडे उचलणे व एका पायावर तोल सांभाळणे हे व्यायाम दिवसाआड करावेत. रात्री पोटऱ्या व तळपायांस तिळाच्या तेलाचा अभ्यंग करावा. दिनचर्येत पादाभ्यंगाचे विशेष महत्त्व सांगितले आहे, ते धावणाऱ्यास तर अधिकच लागू पडते.

उपसंहार

भरतीच्या वयाला मर्यादा असते. त्यामुळे उमेदवारास एक हंगाम म्हणजे सर्वस्व वाटते आणि त्याची घाई आपल्यालाही लागते. तथापि चार-सहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती व वर्षभराचे नुकसान यांपैकी काय स्वस्त, हे त्याला समजावून सांगणारे माणूस त्याच्या आसपास बहुधा एकच असते, ते म्हणजे त्याचा वैद्य. तेलाची बाटली हाती घेण्यापूर्वी अंगठा अस्थिकडेवरून फिरवावा, दुखरी जागा तीन अंगुळांची आहे की एका बोटाची हे पाहावे, आणि आहार व आर्तव यांचे दोन प्रश्न विचारावेत. एवढे केले तरी पुष्कळ तड्यांचे निदान वेळीच होईल. लेखारंभी उल्लेखिलेली ती मुलगी पुढच्या भरतीची तयारी करण्यापूर्वी प्रथम आमच्याकडे आली. तेव्हा तिला कोणतेही औषध न देता, तिच्या वहीत धावण्याचे चार पाद लिहून दिले.